हुकाला किती ओढतो ते सांगा: जुन्या ट्रॅक्टरांचा तुलनात्मक रिव्ह्यू

जुन्या ट्रॅक्टरचा विषय निघाला की पहिला प्रश्न ठरलेला असतो, किती एचपीचा आहे? उत्तर मिळालं की लोक लगेच रांग लावतात, ४५ वाला मोठा, ३५ वाला मधला, २५ वाला छोटा. मला ही रांग अजिबात पटत नाही, कारण इंजिनात किती ताकद तयार होते आणि मागच्या हुकाला किती ओढ मिळते या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि नांगर हुकाला असतो, इंजिनाला नाही. म्हणून हा रिव्ह्यू फक्त ओढण्यावर लिहितोय. रंग, लूक, पार्ट मिळतात का, यातलं काही नाही.

आधी निकाल सांगतो म्हणजे ज्यांना घाई आहे त्यांचं काम होईल. दोन फाळांच्या वर्गात, म्हणजे दोन फाळांचा नांगर ओढणाऱ्यांत, फारमॉल एच. तीन फाळांच्या वर्गात फारमॉल एम, त्याच्या अगदी खांद्याला खांदा लावून जॉन डियर ए, पण नंतरच्या सालातला. वजनाच्या मानाने सगळ्यात जास्त ओढणारा फर्ग्युसन टीई-२०. आणि सगळ्यात निराशा करणारा फोर्डसन एफ, त्याचं इतिहासातलं स्थान कितीही मोठं असलं तरी.

आता कारणं. पण त्याआधी हे ट्रॅक्टर मोजायचे कशाने यावर बोलावं लागेल, कारण जुन्या काळी एकच मोजपट्टी नव्हती, चार-पाच होत्या आणि आजही लोक त्या एकमेकांत मिसळतात.

सगळ्यात जुनी पद्धत दोन आकड्यांची. १०-२०, १५-३०, ३०-६० असं नावातच लिहिलेलं असायचं. पहिला आकडा ड्रॉबारचा म्हणजे मागच्या हुकाला ओढण्याचा, दुसरा पट्ट्याचा म्हणजे पुलीवर मळणी यंत्र वगैरे चालवताना मिळणारी ताकद. मॅककॉर्मिक-डिअरिंग १०-२०, केस १०-१८, हार्ट-पार ३०-६०, रुमेली ऑइलपुल ३०-६० ही सगळी त्याच पद्धतीची नावं. कल्पना फार चांगली होती, ओढण्याचा आकडा पहिला लिहायचा हे तर मला आजही बरोबर वाटतं. अडचण एवढीच की आकडा कंपनी स्वतःच ठरवायची. कोणी प्रामाणिकपणे कमी लिहायचं, कोणी वाट्टेल ते छापायचं.

यातूनच अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्याची टेस्ट जन्माला आली. विल्मट क्रोझियर नावाचा नेब्रास्कातला शेतकरी, पुढे तिथल्या विधिमंडळात गेला, त्याने फोर्ड नावाचा ट्रॅक्टर घेतला होता. हा हेन्री फोर्डचा नव्हे, मिनिआपोलिसच्या एका दुसऱ्याच कंपनीने नावाचा फायदा उठवून विकलेला. तो काही धड चालला नाही, आणि नंतर घेतलेला रुमेली मात्र सांगितल्यापेक्षा जास्त ओढायला लागला. मग १९१९ मध्ये कायदा झाला की राज्यात ट्रॅक्टर विकायचा तर आधी विद्यापीठात टेस्ट करून घ्या आणि पार्टचा साठाही राज्यात ठेवा. १९२० मध्ये तिथल्या लिंकन शहरात टेस्ट सुरू झाल्या, टेस्ट नंबर १ वॉटरलू बॉय मॉडेल एन. तेव्हापासून आपल्याकडे कंपनीचा नसलेला, तिसऱ्याने मोजलेला आकडा आहे, आणि जुन्या ट्रॅक्टरची कुठलीही तुलना मी तिथूनच सुरू करतो.

पण तो आकडाही नीट वाचावा लागतो. रेटिंग ठरवताना ड्रॉबारला मिळालेल्या कमाल ताकदीच्या ७५ टक्के आणि पट्ट्यावरच्या ८५ टक्के धरायची पद्धत होती, म्हणजे रेटेड आणि कमाल हे दोन आकडे वेगळे. त्यात सुरुवातीच्या टेस्ट मातीच्या ट्रॅकवर व्हायच्या आणि नंतरच्या काँक्रीटवर. काँक्रीटवर पकड जास्त मिळते. त्यामुळे १९२५ चा ड्रॉबार आकडा आणि १९६५ चा ड्रॉबार आकडा शेजारी ठेवून हा जास्त ओढतो म्हणणं म्हणजे जुन्यावर सरळ अन्याय आहे. शिवाय टेस्टमध्ये बऱ्याचदा चाकाला वजनं लावलेली असायची, टायरात पाणी भरलेलं असायचं. रिपोर्टमध्ये टेस्टच्या वेळचं वजन दिलेलं असतं, ते बघितल्याशिवाय पुढे जाऊ नका.

दुसरी पद्धत फाळांची. हा दोन फाळी, हा तीन फाळी. फाळ म्हणजे साधारण १४ इंची. खूप जण या पद्धतीला अडाणी समजतात, मला ती एचपीपेक्षा खरी वाटते कारण ती सरळ कामात बोलते. फक्त जमीन कुठली हे त्यात लिहिलेलं नसतं. हिशोब करून बघा, १४ इंच रुंद आणि ६ इंच खोल म्हणजे ८४ चौरस इंच माती कापायची. मध्यम जमिनीत चौरस इंचाला ७ पौंड ओढ धरली तर एका फाळाला ५९० पौंडाच्या आसपास, म्हणजे २७० किलो. हलक्या वाळूसरीत हेच निम्म्यावर येतं आणि चिकण भारी जमिनीत ४५० किलोच्याही वर जातं. म्हणजे एकाच ट्रॅक्टरला हलक्या रानात तीन फाळ आणि भारी रानात एक, आणि दोन्ही माणसं खरंच बोलत असतात! फाळांच्या आकड्यावरून होणारी बहुतेक भांडणं जमिनीची असतात, ट्रॅक्टरची नसतात.

आता थोडं गणित, कंटाळू नका, इथेच सगळा उलगडा आहे. ओढ किलोत गुणिले वेग तासाला किलोमीटरमध्ये, भागिले २७०, म्हणजे ड्रॉबारचा एचपी (मेट्रिक). हे उलटं फिरवा. २४ एचपी हुकाला मिळतोय आणि वेग ताशी ५ किमी आहे तर ओढ जवळपास १३०० किलो. कागदावर. पण तो ट्रॅक्टरच ११०० किलोचा असेल तर १३०० किलो ओढणार कसा? चाक जागेवर फिरेल. चांगल्या वाफशावरच्या रानात मागच्या चाकांवर जेवढं वजन पडतं त्याच्या साधारण निम्म्याच्या आसपास ओढ मिळते, भुसभुशीत नांगरटीत त्याहून कमी. म्हणून हळू चालताना ओढ ठरवतं वजन, वेगात चालताना ठरवतो एचपी, आणि जुने ट्रॅक्टर सगळे हळू चालणारे. हलक्या ट्रॅक्टरात मोठं इंजिन टाकून ओढ वाढत नाही, टायर झिजतात.

इंजिन ते माती या रस्त्यात किती सांडतं त्याचा एक जुना अंदाज आहे, ८६ टक्क्यांचा नियम म्हणतात. पीटीओला (अवजार फिरवणारा मागचा शाफ्ट) १०० धरले तर काँक्रीटवर हुकाला ८६, घट्ट मातीत जास्तीत जास्त ७४, तिथेच रोज वापरता येतील असे ६४, आणि नांगरलेल्या रानात ५५. दोन चाकी ड्राइव्हला हे बऱ्यापैकी लागू पडतं. म्हणजे बोनेटवर लिहिलेल्या ताकदीचा निम्मा भाग रानात पोचतच नाही, ही गोष्ट विकणारा कधी सांगत नाही.

आणि टायर. १९३२ मध्ये ॲलिस-चाल्मर्सने मॉडेल यू ला हवेचे रबरी टायर लावून दाखवले तोपर्यंत सगळं लोखंडी चाकांवर, दातेवाल्या. दाते मातीत घुसायचे, पकड मिळायची, पण मातीतून ते दाते परत उपटण्यातच ताकद जायची. रबरी टायरने ती वाचली आणि डिझेल-रॉकेलही वाचलं. त्यामुळे एकाच मॉडेलचे लोखंडी चाकांचे आणि रबरी टायरचे आकडे वेगळे येतात, तुलना करताना हेही बघा.

आता एकेक ट्रॅक्टर.

फोर्डसन एफ. १९१७ पासून, साधारण १२०० किलो वजन, लाखोंनी बनला, घोड्यांच्या जागी ट्रॅक्टर आणणारा हाच, त्याबद्दल मनात पूर्ण आदर आहे. पण ओढण्यात कमी. नेब्रास्कात पट्ट्यावर १८ एचपीच्या आसपास दिले आणि हुकाला त्याच्या जेमतेम निम्मे. अर्धी ताकद गेली कुठे? मागे वर्म गिअर (स्क्रूसारखा गिअर) होता, त्यात घर्षण प्रचंड, ताकद उष्णता होऊन जायची आणि चालवणाऱ्याची सीट तापायची. वर त्याची सगळ्यात वाईट गोष्ट म्हणजे नांगर दगडाला अडकला की मागचा एक्सल जागेवर आणि पुढचं तोंड वर, ट्रॅक्टर मागे उलटायचा. माणसं गेली यात. ओढण्याच्या रिव्ह्यूमध्ये याला मी पास करू शकत नाही.

जॉन डियर डी. १९२३ ते १९५३, तीस वर्षं तोच ट्रॅक्टर, आडवे दोन सिलिंडर. नावावर १५-२७ आणि १९२४ च्या टेस्टमध्ये हुकाला साडेबावीस, पट्ट्यावर ३०. म्हणजे कंपनीने ड्रॉबारचा आकडा बराच हातचा राखून लिहिला होता. वजनदार, हळू, इमानदार. पिकाच्या ओळीत चालवायचा हा ट्रॅक्टर नव्हेच, याचं काम मोकळं रान नांगरायचं आणि ते तो मान खाली घालून करतो.

जॉन डियर ए वर जास्त बोलायचंय कारण इथे लोक हमखास गोंधळतात. १९३४ चा ए आणि १९४७ नंतरचा ए, नाव एकच, ट्रॅक्टर वेगळे. पहिल्या टेस्टमध्ये हुकाला १९ च्या आत आणि पट्ट्यावर २५ च्या आत. १९४७ च्या टेस्टमध्ये हुकाला ३४ आणि पट्ट्यावर ३८ च्या आसपास! इंजिन ३०९ घन इंचाचं ३२१ झालं, कॉम्प्रेशन वाढलं, पेट्रोलवर चालायला लागला. म्हणून कोणी ए आहे म्हटलं की मी आधी साल विचारतो, मग इंधन विचारतो. जुना ए दोन फाळी, नंतरचा आरामात तीन फाळी. रेटेड आरपीएम फक्त ९७५, फ्लायव्हील मोठं, त्यामुळे लोड आला की तो दबतो पण सोडत नाही, धाड धाड करत निघतो. बरेच जण या आवाजावरून म्हणतात की दोन सिलिंडरचा जास्त ओढतो. तसं नाही. मोठं फ्लायव्हील क्षणभराचा अडथळा ओलांडून देतं, सतत ओढायची ताकद त्याने वाढत नाही. पण चालवताना तो भरवसा वाटतो हे खरं, आणि ढेकळांच्या, मध्येच घट्ट लागणाऱ्या रानात त्याचा फायदाही होतो.

फारमॉल एच आणि एम, दोन्ही १९३९ चे. एच १५२ घन इंच, १६५० आरपीएम, पेट्रोलवर हुकाला २४ आणि पट्ट्यावर २६ च्या आसपास. एम २४८ घन इंच, १४५० आरपीएम, ३३ आणि ३६ च्या आसपास. हुकाचा आणि पट्ट्याचा आकडा किती जवळ आहे बघा, हेच मला या जोडीचं आवडतं, इंजिनात बनलेलं मागे पोचतंय. एच मोकळा पावणेदोन टनांच्या आसपास, एम सव्वादोनच्या. एचचा दुसरा गिअर ताशी साडेपाच किमीच्या जवळ, नांगरटीला तंतोतंत. मध्यम जमिनीत दोन फाळांना ५४० किलो लागतात, म्हणजे त्या वेगाला ११ एचपी, एचकडे आहेत २४, दुपटीहून जास्त. हे शिल्लक असणंच दोन फाळी वर्गात त्याला पहिला नंबर देतं, तो धापा न टाकता दिवसभर चालतो. एमला भारी जमिनीत तीन फाळ लावा, १३५० किलो, साडेपाचच्या वेगाला साडेसत्तावीस एचपी. इंजिन पुरतं, पण चाकाला वजन लावल्याशिवाय आणि टायरात पाणी भरल्याशिवाय पकड पुरत नाही. एमचा दोष म्हणजे क्लच दाबला की पीटीओ बंद, आणि चौथ्या-पाचव्या गिअरमध्ये भलं मोठं अंतर. १९५४ च्या सुपर एम-टीए मध्ये टॉर्क ॲम्प्लिफायर आला, चालता चालता क्लच न दाबता वेग खाली आणून ओढ वाढवायची सोय, घट्ट जमीन लागली की लीव्हर ओढा, बस. ओढणाऱ्या माणसाला यापेक्षा उपयोगी शोध त्या दशकात दुसरा नाही असं माझं मत.

आता फर्ग्युसन आणि फोर्ड. १९३८ मध्ये हॅरी फर्ग्युसन आणि हेन्री फोर्ड यांनी नुसत्या हस्तांदोलनावर करार केला, त्यातून फोर्डचा ९एन, मग २एन. करार मोडल्यावर फोर्डने १९४७ मध्ये ८एन काढला आणि फर्ग्युसनचा टीई-२० कोव्हेंट्रीत १९४६ पासूनच बनत होता, १९५६ पर्यंत पाच लाखांवर बनले. दोघंही ११०० किलोच्या आसपास, म्हणजे जुन्या पद्धतीने बघितलं तर यांनी एकच फाळ ओढायला हवा. ओढतात दोन. कारण थ्री पॉइंट, म्हणजे अवजार तीन दांड्यांनी ट्रॅक्टरला जोडायची पद्धत. नांगर मागे लोंबत येत नाही, ट्रॅक्टरचाच भाग होतो, नांगराचं वजन आणि मातीचा खाली खेचणारा जोर मागच्या चाकांवर येतो. जितका लोड तितकं वजन, तितकी पकड. आणि टॉप लिंक (तिन्हीतला वरचा दांडा) पुढे ढकलते म्हणून तोंड उचलत नाही, फोर्डसनची जीवघेणी खोड इथे मुळातून गेली. एडमंड हिलरी ४ जानेवारी १९५८ ला दक्षिण ध्रुवावर पोचले ते चाकांवर साखळी पट्टे चढवलेल्या याच फर्ग्युसनवर, यावरून दणकटपणा समजा.

पण एक गोष्ट स्पष्ट सांगतो. हा चमत्कार फक्त थ्री पॉइंटला अडकवलेल्या अवजाराचा आहे. टीई-२० ला किंवा ८एन ला नुसत्या ड्रॉबारवर ओढायचं अवजार जोडलं की तो परत ११०० किलोचा हलका ट्रॅक्टर, एच त्याला सहज मागे टाकतो. ८एन चा अजून एक त्रास, पहिला गिअरच ताशी पाच किमीच्या वर, भारी कामाला फास्ट पडतो, म्हणून तर त्यावर शर्मन कंपनीचे जादा गिअर बसवायची पद्धत पडली. त्याचं पोझिशन कंट्रोल (अवजार ठराविक उंचीवर धरून ठेवायची सोय) मात्र खूपच सोयीचं, ९एन ला ते नव्हतं.

मॅसी फर्ग्युसन ३५ हा याच घराण्यातला पुढचा. १९५९ च्या अखेरीला त्यात पर्किन्सचं तीन सिलिंडर डिझेल आलं आणि ट्रॅक्टर सुधारला. आधीचं चार सिलिंडर डिझेल थंडीत सुरू व्हायला फार छळायचं. घ्यायचा तर तीन सिलिंडरचाच.

जर्मन लान्झ बुलडॉगचं थोडक्यात, कारण तो वेगळाच प्राणी आहे. एकच सिलिंडर, मोठ्या मॉडेलांमध्ये १०.३ लिटरचा, सिलिंडरच्या टोकाचा पोकळ लोखंडी बल्ब तापवून सुरू करायचा, स्टिअरिंग काढून फ्लायव्हीलला लावून फिरवायचं. काहीही तेल चालतं. जड आहे म्हणून ओढतो, पण थरथर इतकी की नांगरटीपेक्षा तो पट्ट्यावर आणि रस्त्यावर ट्रेलर ओढायला जास्त शोभतो. ४५ एचपी वाचून त्याला नंतरच्या ४५ वाल्यांशी तोलू नका.

वर्गवारीच्या सगळ्या पद्धतींत मला सगळ्यात पटलेली पद्धत सोव्हिएत आहे. तिथे ट्रॅक्टरचा वर्ग म्हणजे सरळ ओढ, टनात. ०.६, ०.९, १.४, ३, ५ असे वर्ग. कापणी झालेल्या रानात, चाकाच्या ठराविक घसरणीच्या आत किती टन ओढतो तो त्याचा वर्ग, एचपी नंतर. टी-२५ हा ०.६ चा, टी-४० हा ०.९ चा, बेलारूस एमटीझेड-५० हा १.४ चा, साखळी पट्ट्यांवर चालणारा डीटी-७५ हा ३ चा आणि अजस्र किरोवेत्स के-७०० हा ५ चा. नांगर बनवणाऱ्यालाही कळतं कुठल्या वर्गासाठी बनवायचा आणि घेणाऱ्यालाही. या मोजपट्टीवर माझ्या हिशोबाने एच आणि टीई-२० दोघं ०.६ मध्ये बसतात, मोकळा एम ०.९ मध्ये आणि भरपूर वजन लावलेला एम १.४ च्या दाराशी जातो.

थ्री पॉइंटची कॅटेगरी १, कॅटेगरी २ ही मात्र ओढण्याची वर्गवारी नाही, ती पिनांच्या आणि अंतराच्या मापाची आहे. खालची पिन २२ मिमी तर १, २८ मिमी तर २. कॅटेगरी २ दिसली म्हणून ट्रॅक्टर जास्त ओढतो असं समजू नका, नंतर बसवलेलीही असते.

जुन्या ट्रॅक्टरांच्या पुलिंग (वजन ओढायच्या) स्पर्धांमध्ये वर्ग वजनावर असतात, ड्रायव्हर आणि लावलेली वजनं धरून, आणि ते अगदी योग्य आहे. तिथे कमी वजनाच्या वर्गात एच आणि वरच्या वर्गात एम किंवा जॉन डियर जी आणा. जी चं इंजिन ४१२.५ घन इंचाचं आहे, जागेवरून उचलताना त्याच्यासारखा तोच.

शेवटी, स्वतःच्या ट्रॅक्टरची ओढ कशी तपासायची. मागच्या टायरवर खडूने खूण करा, मोकळा चालवून चाकाचे १० फेरे किती मीटरला होतात ते मोजा, मग त्याच रानात नांगर लावून परत १० फेरे मोजा. समजा मोकळा ४२ मीटर आणि नांगर लावून ३७, म्हणजे घसरण १२ टक्के, उत्तम. ८ च्या खाली आली तर वजन उगाच जास्त लादलंय, काढा किंवा अवजार वाढवा. १५ च्या वर गेली तर वजन वाढवा, टायरची नक्षी बघा, तरीही जमत नसेल तर एक फाळ कमी करा. पाणी टायरच्या व्हॉल्व्हच्या उंचीपर्यंतच भरा, वर हवेला जागा राहू द्या, आणि गोठणाऱ्या थंडीत त्यात कॅल्शियम क्लोराइड मिसळलं असेल तर रिम गंजतोय का ते दर हंगामाला बघा.